महिन्याचे चारशे रुपये: ट्रेडिंगला करिअर म्हणण्याआधीचा हिशेब

प्रश्न: मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मोबाइलवर ऑप्शन्स (ठरलेल्या भावाने शेअर घेण्या-विकण्याच्या हक्काचे सौदे) करतो. ३५ हजारांचे दोन महिन्यांत ५२ हजार झाले होते, आता ११ हजार उरलेत. 'सिस्टीम सापडली आहे, फक्त शिस्त हवी' असं म्हणतो. कॉलेज सोडून पूर्णवेळ ट्रेडिंग करायचंय. त्यासाठी एक लाख आणि वर क्लासची फी २५ हजार मागतोय. द्यावेत का?
– एक आई, बार्शी

उत्तर: ताई, क्लासचे २५ हजार देऊ नका. लाखाचं नंतर बघू. आधी त्याला वही घेऊन बसवा आणि ती सिस्टीम एका पानावर लिहायला सांगा. कोणता शेअर, कधी घ्यायचा, चुकलं तर कुठे बाहेर पडायचं, जमलं तर कुठे, आणि किती नग. मुलं पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं फडाफड देतात. 'किती नग' विचारलं की गप्प होतात. खातं नेमकं तिथेच रिकामं होतं.

नमुना म्हणून एक साधी पद्धत घेऊ. निफ्टी ५० मधला, म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांच्या यादीतला शेअर २० दिवसांतल्या सर्वांत वरच्या भावावर बंद झाला, की दुसऱ्या दिवशी खरेदी. स्टॉपलॉस, म्हणजे तोटा थांबवायला विकायचा भाव, गेल्या १० दिवसांच्या तळाखाली. २० दिवसांच्या सरासरीखाली बंद झाला की विक्री. समजा भाव ४२० आहे आणि स्टॉपलॉस ४०५, म्हणजे शेअरमागे १५ रुपयांची जोखीम. भांडवल लाखाचं, एका सौद्यात त्याचा १ टक्का, म्हणजे हजार रुपयेच घालवायची तयारी. हजार भागिले पंधरा, ६६ शेअर. रक्कम २७,७२० रुपये. शेअर कितीही आवडला तरी ६६ चे १०० करायचे नाहीत.

आता ही पद्धत खरोखर चालते असं धरू. दहापैकी चार सौदे जिंकतात, जिंकल्यावर सरासरी २००० मिळतात, हरल्यावर १००० जातात. दहा सौद्यांत ८००० आले, ६००० गेले, म्हणजे सौद्यामागे २००. यातून खर्च काढा. डिलिव्हरीत, म्हणजे शेअर खात्यात ठेवून, घेताना आणि विकताना ०.१ टक्का एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर), म्हणजे साधारण ५५ रुपये. मुद्रांक शुल्काचे चारेक. विकताना डीपी चार्ज (डीमॅट खात्यातून शेअर काढायचं शुल्क) पंधरा-वीस. ब्रोकरेज शून्य धरलं तरी आकडा ऐंशीच्या घरात जातो. हातात उरले १२०. वर्षात ४० सौदे केले तर ४८०० रुपये, महिन्याला ४००. आणि हे एकही नियम न मोडता! बँकेतली मुदत ठेव याहून जास्त देते.

मुलाला हा हिशेब कुठेतरी जाणवलेला असणारच. म्हणून तर तो ऑप्शन्सकडे वळला, तिथे ११ हजारांतही मोठं खेळल्यासारखं वाटतं. सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स (पुढच्या तारखेला ठरल्या भावाने घेण्या-विकण्याचे करार) आणि ऑप्शन्स करणाऱ्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात होते. एकत्रित तोटा १.८ लाख कोटींवर. त्यातल्या सगळ्यांनाच शिस्त नव्हती असं म्हणणं सोपं आहे, पण दर सौद्याला खर्च कापला जात असताना नुसत्या शिस्तीने नफा तयार होत नाही.

शिस्त लागते ती ओळीने हरताना. दहात चार जिंकणाऱ्या पद्धतीत शंभर सौद्यांमध्ये सलग सात हरणं ही नेहमीची गोष्ट आहे. प्रत्येकी १ टक्का जोखीम असेल तर लाखाचे ९३ हजार राहतात. १० टक्के लावत गेलात तर ४७,८०० च्या आसपास, आणि मग मूळ रकमेवर यायला उरलेल्या पैशांचे दुपटीहून जास्त करावे लागतात. मुलं बिघडवतात ती याच सातांत. स्टॉपलॉस खाली सरकवतात, पडत्या भावात आणखी घेऊन सरासरी काढतात, गेलेले पैसे त्याच दिवशी परत आणायला दुप्पट लावतात. नाहीतर पाचव्या हारीनंतर सिस्टीमच बदलतात.

स्टॉपलॉस लावला की सुटलो, असंही नाही. जीटीटीमध्ये (आधीच लावून ठेवलेली ऑर्डर) ट्रिगर, म्हणजे ऑर्डर जागी होण्याचा भाव, ४०५ आणि लिमिट, म्हणजे विकायचा किमान भाव, ४०२ ठेवली, पण कंपनीच्या तिमाही निकालानंतर शेअर सकाळी ३८८ ला उघडला, तर ४०२ ची विक्री ऑर्डर तशीच लटकून राहते. बाजारभावाने ३८८ ला विकलं तरी ६६ शेअरवर २,११२ रुपये जातात, ठरलेल्या हजाराच्या दुपटीहून जास्त. म्हणून तिमाही निकालाची तारीख आधी बघायची आणि निकालाच्या आदल्या दिवशी बाहेर पडायचं.

तर करायचं काय? कॉलेज सुरू राहू दे. ही पद्धत साडेतीननंतरची आहे. संध्याकाळी अर्धा तास चार्ट बघून ऑर्डर लावायची आणि सकाळी सव्वानऊला एकदा नजर टाकायची, बस. ब्रोकरला सांगून खात्यातला फ्युचर्स-ऑप्शन्सचा विभाग बंद करून घ्यावा, तो बंद करता येतो. उरलेल्या ११ हजारांतच ४० सौदे करावेत. १ टक्का म्हणजे ११० रुपये, शेअर फक्त सात, आणि त्या ११० मधले वीसेक खर्चातच जातील. कमाई होणार नाही, पण वही भरेल. प्रत्येक सौद्याला तारीख, भाव, स्टॉपलॉस, नग, निकाल आणि शेवटच्या रकान्यात 'नियम पाळला की मोडला'. ४० सौद्यांनंतर नफ्याआधी तो शेवटचा रकाना वाचा. ३६ ठिकाणी 'पाळला' असेल तर थोडे पैसे वाढवायचा विचार करा. लाख तेव्हाही एकदम नको. जुन्या भावांवर पद्धत तपासली असेल, तर आजचीच निफ्टीची यादी दहा वर्षं मागे लावली नाही ना, हे विचारा. यादीतून गळालेले शेअर त्यात नसतात, म्हणून निकाल फसवा चांगला दिसतो.

बाजाराची ओढ खरी असेल तर पगाराची दारं बरीच आहेत. ब्रोकरकडे रिस्क मॅनेजमेंट, डीलिंग, रिसर्च. त्यासाठी पदवीसोबत एनआयएसएम या शेअर बाजाराचं शिक्षण देणाऱ्या संस्थेच्या परीक्षा द्याव्यात. ऑपरेशन्स आणि रिस्कसाठी सिरीज सात, इक्विटी डेरिव्हेटिव्हजसाठी (शेअरचे फ्युचर्स-ऑप्शन्स) सिरीज आठ, रिसर्चसाठी सिरीज पंधरा. क्लासच्या फीच्या मानाने यांची फी किरकोळ आहे. पदवीनंतर पूर्णवेळ शिकायचं असेल तर या संस्थेचा कॅम्पस रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला आहे.

आणखी एक, जे तुम्ही विचारलेलं नाही. ऑप्शन्समधला तोटा आयकरात धंद्याचा तोटा धरतात. मुलाचं रिटर्न मुदतीत भरून तो दाखवलात, तर पुढची आठ वर्षं धंद्याच्या नफ्यातून वजा करता येतो. मुदत हुकली की तो पुढे नेता येत नाही.