पोस्टर कुणाचं, बँडचं की चित्रकाराचं?

प्रश्न : सर, मी कमर्शियल आर्टच्या शेवटच्या वर्षाला आहे. मित्रांच्या रॉक बँडचा कार्यक्रम आहे, पोस्टर मी करतोय. त्यांना साठच्या दशकातल्या अमेरिकन पोस्टरांसारखं वितळलेल्या अक्षरांचं काहीतरी हवंय, पण नाव मराठीत. शिवाय ड्रमरला कवटी हवी, गायकाला रंकाळा आणि बेसवाल्याला स्वतःचा फोटो. सगळी स्केचेस नापास झाली. काय करू?
– एक विद्यार्थी, राजारामपुरी

उत्तर : आधी व्हॉट्सॲप ग्रुपवर स्केच टाकणं बंद कर. चित्र समोर आलं की प्रत्येकाला काहीतरी सुचतंच. नाही सुचलं, तर आपण बघितलंच नाही असं वाटेल म्हणून तरी सुचवतात. बँडला सांग, बोलणारा एकच माणूस नेमा. मॅनेजर नसेल तर ज्याच्या घरी प्रॅक्टिस होते तो. सगळ्यांचा धिंगाणा तोच सहन करत असतो, त्याला निर्णय घ्यायची सवय असते.

मग प्रॅक्टिसला जाऊन बस. मी एका पोरांच्या बँडचं पोस्टर केलं, तेव्हा गाणी ऐकून मला काही म्हणजे काही सुचलं नव्हतं. पण शेजारी ओरडतात म्हणून त्यांनी ड्रमवर आजीची वाकळ टाकलेली. लाल, निळी, मधेच कुणाच्या तरी नऊवारीचा हिरवा तुकडा, वर पांढऱ्या दोऱ्याचे टाके. ती वाकळच पोस्टर झाली, टाक्यांच्या ओळीत बँडचं नाव. कवटीचा विषय कुणी पुन्हा काढला नाही.

तरी कवटी हवीच असेल तर तिची गोष्ट माहीत असू दे. ‘ग्रेटफुल डेड’ या अमेरिकन रॉक बँडचा गुलाब ल्यालेला सांगाडा स्टॅनली माऊस आणि ऑल्टन केली या चित्रकारांनी १९६६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या ॲव्हलॉन बॉलरूम या हॉलच्या पोस्टरवर आणला. मूळ चित्र उमर खय्यामच्या रुबायांसाठी एडमंड सलिव्हननं काढलेलं, जुन्या पुस्तकातलं. बँडच्या नावाला ते इतकं चपखल बसलं की पुढं बँडची ओळखच झालं. तुझ्या मित्रांच्या नावाशी कवटीचा काय संबंध, एवढंच ड्रमरला विचार.

आता अक्षरं, खरी मारामारी इथं आहे. तुझ्या मित्रांना हवी ती वितळलेली अक्षरं करणाऱ्या वेस विल्सननं व्हिएन्नाचा जुना चित्रकार आल्फ्रेड रोलर याची अक्षरं बघून आपली वळणं बसवली. रोमन लिपीतली सगळी कॅपिटल अक्षरं एका उंचीची, त्यामुळं ती फुगवून कुठल्याही आकारात भरता येतात. आपल्याकडं वर वेलांटी-मात्रा, खाली उकार. म्हणून अक्षराचं पोट फुगवू नकोस, वेलांटी लांबव, उकार वाहू दे. वितळायची जागा तीच. शिरोरेषा मात्र जपून. ती वितळवून सलग केलीस की ‘भ’चा ‘म’ आणि ‘ध’चा ‘घ’ झालाच म्हणून समज. नावात ‘भ’ असेल तर त्याच्या डोक्यावरची फट ठळक ठेव.

रंगाचं गुपित त्याच काळच्या व्हिक्टर मॉस्कोसो या पोस्टरवाल्याकडून घे. तो येल विद्यापीठात जोसेफ आल्बर्सचा, म्हणजे रंगांच्या नामांकित मास्तरचा, विद्यार्थी. एकमेकांच्या विरुद्ध रंग, पण उजळपणा सारखा, असे शेजारी ठेवले की कडा थरथरतात. तपासायला सोपं : स्केचचा फोटो मोबाईलवर ब्लॅक-अँड-व्हाइट कर. अक्षरं राखाडीत गायब झाली तर रंग बरोबर. म्हणूनच तारीख-वेळ मात्र या रंगात लिहू नकोस.

छपाई स्क्रीन प्रिंटिंगनं कर, १८ × २३ इंची डेमी कागदावर, दोन किंवा तीन रंगांत. एकावर एक रंग बसवायचं सेटिंग जरा हललं तरी अशा पोस्टरला शोभतं. लग्नपत्रिकेला नाही शोभत. आणि बाबूराव पेंटर आपल्या चित्रपटांची पोस्टरं स्वतः रंगवायचे, हे कोल्हापूरच्या पोरानं विसरू नये. फ्लेक्स वाढदिवसांना राहू दे.

पैशांचं तू विचारलं नाहीस, म्हणजे ठरलेलं नाही. मित्र असले तरी कागद-शाईचा खर्च त्यांचा, मूळ चित्र तुझं, आणि टी-शर्टवर छापलं तर त्यातला वाटा, हे आधी लिहून घे. सॅन फ्रान्सिस्कोत फिलमोर हॉलचे कार्यक्रम करणारा बिल ग्रॅहम आणि त्याची पोस्टरं करणारा वेस विल्सन यांचंसुद्धा १९६७ मध्ये पैशांवरूनच फाटलं.

प्रश्न : आमच्या चित्रकारानं पोस्टर झकास केलंय, पण बँडचं नाव वाचताच येत नाही. तो म्हणतो, हीच स्टाईल आहे. फ्लेक्सपण लावायचाय. ऐकावं का त्याचं?
– एक गिटारिस्ट, मंगळवार पेठ

उत्तर : लावणार कुठं, ते आधी सांगा. कॉलेज कँटीनच्या भिंतीवर चहा संपेपर्यंत माणूस अक्षरं सोडवत बसतो. बिंदू चौकात गाडीवरून जाणारा थांबत नाही, पाठीमागचा हॉर्न त्याला थांबू देत नाही. तेव्हा कँटीनसाठी त्याचं ऐका. चौकातल्या फ्लेक्ससाठी त्याच्याकडूनच नाव साध्या, जाड अक्षरात करून घ्या. दुकानातल्या ऑपरेटरला परस्पर बदलायला सांगू नका. हॉल, तारीख, वेळ आणि तिकीट हे दोन्हीकडं खाली एका सरळ पट्टीत. तिथं स्टाईल नको, हे त्याला ठणकावून सांगा. आणि छापून आल्यावर त्याच्या प्रती त्यानं मागायच्या आत पोचवा.