पिवळ्या इंजिनाला 'ग्रीन' का म्हणायचे?

प्रश्न असा आलाय की ब्रिटिश रेल्वेवरच्या मजकुराचं भाषांतर करताना 'इंप्रूव्ड इंजिन ग्रीन' हा शब्द आला, त्याचं 'सुधारित हिरवा' केलं आणि मग फोटो बघितला तर इंजिन चक्क पिवळं, तर चुकलं कुठे? तुमचं काही चुकलेलं नाही, शब्दच तसा आहे.

ही भानगड लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट रेल्वेची. लंडनच्या दक्षिणेकडची कंपनी, 1846 ते 1922 एवढं तिचं आयुष्य, पुढे ती सदर्न रेल्वेत गेली. 1870 मध्ये विल्यम स्ट्राउडली तिथे इंजिनांचा मुख्य म्हणून आला, त्याआधी तो स्कॉटलंडात हायलंड रेल्वेत होता आणि हा पिवळा त्याने तिथेच वापरायला सुरुवात केलेली. ब्रायटनची पॅसेंजर इंजिनं तोवर गडद हिरवी असायची. आता काही लोक सांगतात की स्ट्राउडलीला रंगच नीट दिसत नव्हते, पण मला ते अजिबात पटत नाही, कारण मालगाडीच्या इंजिनांना त्याने खराखुरा ऑलिव्ह हिरवा दिला आणि पिवळा फक्त पॅसेंजरला.

माझ्या मते सगळी गंमत समासात आहे. 'इंप्रूव्ड' हे 'ग्रीन'चं विशेषण नाहीच, ते 'इंजिन ग्रीन' या अख्ख्या जोडशब्दाचं आहे. इंजिन ग्रीन म्हणजे इंजिनाला द्यायचा ठरलेला रंग, आणि त्याच्या जागी आणलेला नवा तो इंप्रूव्ड, मग दिसायला कसाही असो. आपल्याकडे साडीच्या दुकानात 'मेंदी कलर दाखवा' म्हटलं की हिरवट साडी निघते, हातावर मात्र मेंदी लाल चढते, आणि कुणाचाही गोंधळ होत नाही!

यॉर्कच्या नॅशनल रेल्वे म्युझियममध्ये 1880 चं 'बॉक्सहिल' उभं आहे, टेरिअर जातीचं, म्हणजे 1872 ते 1880 मध्ये ब्रायटनला बांधलेल्या 50 छोट्या इंजिनांपैकी एक. ते जवळून बघा. अंगावर पिवळा, त्याच्या कडेने गडद ऑलिव्ह हिरव्याची पट्टी, मध्ये काळ्या, लाल, पांढऱ्या बारीक रेघा, चिमणीला तांब्याची टोपी. म्हणजे हिरवा आहे, पण काठाला.

अजून एक, या रंगाला इंग्रजीत 'ओकर' म्हणजे मातकट पिवळा म्हणतात, त्यासाठी बरेच जण गेरू लिहितात, ते नको. गेरू तांबडा. हा रंग म्हणजे पिवडी, चुन्यात कालवून गावाकडे भिंतींना देतात ती, फक्त इथे जरा सोनेरी झाक.

म्हणून भाषांतरात 'सुधारित हिरवा' नका ठेवू, वाचणारा फसतो. पहिल्यांदा 'इंप्रूव्ड इंजिन ग्रीन नावाचा पिवडीसारखा पिवळा' लिहा आणि पुढे नुसतं 'स्ट्राउडलीचा पिवळा'. मजकूर 1905 नंतरचा असेल तर मात्र जपून, तेव्हा मार्श नावाचा नवा मुख्य आला आणि त्याने पॅसेंजर इंजिनं गडद तपकिरी करून टाकली.