तोंडी ‘चालेल’वर नमुने बंद करू नका

पोस्ट वाचली आणि २००९ साल आठवलं. तुम्ही चाळीसगावचे, मी भुसावळचा. समुद्र शंभर कोस लांब आणि दोघांची नोकरी बंदरात! मालाची आवक घटली म्हणून हवा-पाण्याचे नमुने सहा महिने थांबवायला साहेबांनी सांगितलंय, थांबवू का, असं विचारलंय तुम्ही. नका थांबवू भाऊ. ईसी (पर्यावरण मंजुरी), कन्सेंट (प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतिपत्र) हे तुम्हाला माहीत असणारच, त्यात शिरत नाही.

तेव्हा आमच्याकडेही जहाजं कमी झाली आणि पहिली कात्री पर्यावरण विभागावर चालली. लॅबचं बिल दरमहा येतं, तेच आधी डोळ्यांत खुपतं. रीतसर विचारावं म्हणून मी एका कार्यालयात गेलो (नाव घेत नाही, तिथे अजून ओळखीचे आहेत). दोन सोमवार फुकट गेले. तिसऱ्या खेपेला टेबलावरचे साहेब फाइलीतून मान वर न करता म्हणाले, "चालेल हो, मंदीच आहे." मी तीच परवानगी समजलो! अर्ज पिशवीतच राहिला. ना आवक क्रमांक, ना पोच. आठ महिने नमुने बंद, आणि सहामाही अहवालातले तक्ते मी कोरे सोडले.

२०१३ला धंदा सावरला, नवा धक्का बांधायचं ठरलं. विस्ताराच्या प्रस्तावाला जुन्या अटी पाळल्याचा प्रमाणित अहवाल लागतो, हा नियम २०१२चा. पाहणीला आलेल्यांनी बोट नेमकं त्या कोऱ्या तक्त्यांवर ठेवलं. ‘चालेल’वाले साहेब कधीच बदलून गेले होते. प्रस्ताव वर्षभर अडकला. लॅबच्या बिलाच्या कितीतरी पट पैसा गेला, आणि शिव्या मी खाल्ल्या.

आता माझं मत. मी वकील नाही, नियम बदलत असतात, तुमच्या ईसीतल्या अटी आधी वाचा. कापायचंच असेल तर ५ जूनच्या पर्यावरण दिनाचा मंडप, टोप्या न्‌ बॅनर कापा. कोळशाच्या ढिगांवरचे पाण्याचे फवारे नको. ‘माल कमी म्हणजे धूळ कमी’ हे साफ खोटं. उचल मंदावली की ढीग महिनोन्‌महिने पडून राहतो, वरून सुकतो, आतून तापतो आणि एक दिवस धुमसायला लागतो. मे महिन्यात रावेरच्या केळीचं ठिबक कोणी आठ दिवस बंद ठेवतं का? उलट यार्ड अर्धं रिकामं आहे तोवर गाळाच्या टाक्या उपसून घ्या. तेजीत तिथे जेसीबी वळायलासुद्धा जागा नसते.

आणि हो, वापरलेल्या तेलाचे ड्रम मोजून ठेवा. गाडी भरत नाही म्हणून मंदीत रिसायकलवाला यायला टाळतो, पण साठवणुकीची ९० दिवसांची मुदत कोणासाठी थांबत नाही.

सध्या साहेबांना एकच मेल टाका: नमुने बंद करण्याचा आदेश लेखी द्यावा. काय उत्तर येतं ते इथे कळवा.