सुट्टीची पळापळ आणि नंतरचे तर्री पोहे : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

थंडी पडायला लागली की या सदरात गुडघे, बूट आणि पहाटे उठणं या तीनच विषयांवर पत्रं येतात. यावेळी मात्र बहुतेक पत्रं एकाच गोष्टीची, मित्रमित्र मिळून वर्षातून एकदा सुट्टीच्या दिवशी पळायचं कसं. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात.

ताई, नमस्कार. आम्ही शाळेतले दहा-बारा मित्र, सगळे चाळिशी पार. अर्धे नागपुरात, बाकीचे पुणे, बंगलोर, हैदराबाद. माझा भाचा अमेरिकेत बफेलोला शिकून राहिला, तो सांगते की तिकडे थँक्सगिव्हिंगच्या सकाळी हजारो लोक रस्त्यावर पळतात आन मग घरी जाऊन दाबून जेवतात. तेव्हापासून आमच्या ग्रुपवर एकच चर्चा, आपणही दरवर्षी एक सुट्टी पकडून पळायचं. पण दिवस ठरत नाही, रस्ता ठरत नाही. त्यात दोघं हाफ मॅरेथॉनवाले आणि तिघांना जिना चढला तरी दम लागते. सगळ्यांना मजा येईल असं काही जमते का? — एक वाचक, प्रतापनगर

भाऊ, भाचा बरोबर सांगतोय. थँक्सगिव्हिंग म्हणजे नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, आणि त्या दिवशीच्या पळण्याला तिकडे टर्की ट्रॉट म्हणतात, कारण दुपारी ताटात टर्की असते. बफेलोची शर्यत त्यातली सगळ्यात जुनी, १८९६ पासूनची, ८ किलोमीटरची. आणि तुमच्या ग्रुपवर टाकायला एक गोष्ट देते, पहिल्या वर्षी तिथे पळायला उभे होते फक्त सहा जण आणि त्यातले शेवटपर्यंत पोचले चार. तुम्ही तर दहा-बारा आहात. ब्राझीलमध्ये साओ पावलोला १९२५ पासून ३१ डिसेंबरला पळतात, आता ती १५ किलोमीटरची आहे, आधी बरीच वर्षं रात्री पळायचे म्हणजे पळता पळता नवीन वर्ष लागायचं. तर सुट्टी आणि पळणं ही जोडी जुनी आहे, तुम्ही काही वेडेपणा करत नाही आहात.

आता दिवस. दिवाळीत सगळे घरी येतात हे मला माहिती आहे आणि तुमच्या ग्रुपवर बहुमत दिवाळीलाच असेल, पण लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हवेत जो फटाक्यांचा धूर असतो तो छातीत भरून पळायचं काही कारण नाही, शिवाय घरोघरी पाहुणे, फराळ, ओवाळणं, त्यात तुम्ही दोन तास गायब झालात तर परत आल्यावर जी शर्यत लागेल ती वेगळी. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, बजाजनगर, लक्ष्मीनगर, रहाटे कॉलनीकडचे रस्ते त्यांच्यासाठी असतात त्या दिवशी, आपण तिथे पळायला जाऊ नये. १ मे ला सुट्टी आहे पण नागपूरचा मे आहे, सूर्य पावणेसहालाच डोक्यावर यायला निघतो. संक्रांतीचं तर नावच काढू नका, मांजा. नायलॉनच्या मांजाने गळा कापल्याच्या बातम्या दरवर्षी वाचतोच आपण, त्या दिवशी गाडी चालवायचीसुद्धा भीती वाटते. १ जानेवारीच्या पहाटे रस्त्यावर जे गाड्या चालवत असतात ते रात्रभर काय करून आलेत हे आपल्याला माहिती नसतं.

राहिले २६ जानेवारी आणि २५ डिसेंबर. २६ ला ग्रुपमधले शिक्षक आणि सरकारी नोकरीवाले झेंडावंदनाला अडकतात. म्हणून माझं मत नाताळला. बाहेरगावच्यांना वर्षाअखेरच्या सुट्ट्या असतात, थंडी अगदी पळण्यासारखी असते, आणि तारीख पक्की राहते, दिवाळीसारखी मागेपुढे होत नाही. फक्त एक बघा, विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन लांबलं असेल तर सिव्हिल लाईन्सकडे बंदोबस्त असतो, त्या बाजूने रस्ता आखू नका. आणि सूर्य पावणेसातच्या पुढेच उगवतो, तर पहाटे पाचला अंधारात पळायचा पराक्रम नको, सातला सुरू करा.

रस्ता कुठलाही चालेल, पण जाऊन तिथूनच परत येणारा घ्या. गोल चक्कर घेतली की पुढचे दोघं जे जातात ते थेट पोह्याच्या टपरीवर दिसतात. जाऊन-परत असलं की सगळे सगळ्यांना एकदा तरी समोरून भेटतात, टाळी देता येते, शिव्याही देता येतात. सेमिनरी हिल्सचा रस्ता सावलीचा, सुंदर, पण चढ आहे, जिन्यावर दम लागणाऱ्या तिघांना पहिल्याच वर्षी तिकडे नेऊ नका. फुटाळ्याच्या काठाने सपाट आहे. मोठ्या रस्त्यावर पळत असाल तर उजव्या कडेने पळा म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते, आणि चौघं-चौघं आडवे गप्पा मारत नको.

आता तुमचा खरा प्रश्न, हाफ मॅरेथॉनवाले आणि दम लागणारे एकत्र कसे पळणार. इथेच बहुतेक ग्रुप फसतात. सगळे एकदम सुटतात, दोघं पुढे निघून जातात, शेवटचा माणूस पोचतो तोवर पुढच्यांचा घाम वाळून थंडी वाजायला लागलेली असते आणि शेवटच्याला वाटतं आपल्यामुळे सगळे थांबलेत. तो पुढच्या वर्षी येत नाही. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी दोघं येत नाहीत. चौथ्या वर्षी फक्त ते हाफ मॅरेथॉनवाले दोघं उरतात, आणि ते तर तसेही रोजच पळतात.

याला दोन उपाय आहेत आणि दोन्ही मला फार आवडतात. पहिला, उलटं सोडायचं. प्रत्येकाने आदल्या रात्री ५ किलोमीटरला मला किती वेळ लागेल ते ग्रुपवर लिहायचं. समजा भरभर चालणारा ५० मिनिटं म्हणाला, मधला ३५ म्हणाला आणि तुमचा चॅम्पियन २५. मग सात वाजता चालणारा निघेल, सव्वासातला मधला आणि चॅम्पियन चक्क सात पंचवीसला. सगळ्यांनी खरं सांगितलं असेल तर सगळे सात पन्नासला एकदम पोचतात आणि शेवटच्या दोनशे मीटरला जी मजा येते ती बघण्यासारखी असते, कारण चालणारा पुढे असतो आणि मागून चॅम्पियन जीव तोडून येत असतो. आता कोणीतरी मुद्दाम जास्त वेळ सांगणार, असा एक नग प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच. त्याला नियम लावा, सांगितलेल्या वेळेपेक्षा दोन मिनिटांहून लवकर आला की सगळ्यांचे पोहे त्याच्याकडून.

दुसरा उपाय आणखी सोपा, अंतरच ठेवायचं नाही. सगळे एकत्र सुटा, आपापल्या वेगाने वीस मिनिटं पुढे जा, प्रत्येकाच्या फोनचा अलार्म वाजला की जिथे असाल तिथून मागे फिरा. जो लांब गेला त्याला लांबून यायचंय, जो जवळ होता तो जवळून येणार, चाळीस मिनिटांच्या आसपास सगळे परत. पहिल्या वीस मिनिटांत हीरोगिरी केलेले मागे पडतात, ते तेवढं एक समाधान. पहिल्या वर्षी हेच करा असं मी म्हणेन, दुसऱ्या वर्षी वेळा लिहायला घ्या.

दम लागणाऱ्या तिघांसाठी, दिवाळीचा फराळ संपला की सुरू करा, दीड-दोन महिने मिळतात. आठवड्यातून तीन दिवस, एक मिनिट हळू पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं अर्धा तास. पळताना बाजूच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, नाही आलं तर वेग जास्त आहे. बीपी, शुगर असेल किंवा चालताना छातीत जड वाटत असेल तर आधी डॉक्टर, मग बूट. आणि त्या दिवशी पळताना छातीत दुखलं, हात किंवा जबडा भरून आला तर गॅस झाला असेल म्हणत पुढे जायचं नाही, थांबायचं आणि सरळ हॉस्पिटल. दहा-बारा जणांत एक गाडी रस्त्यालगत तयार असू द्या, एवढं तर जमते.

ताई, माझ्या मिस्टरांचा मित्रांचा ग्रुप दोन वर्षांपासून नाताळला पळतो. आम्हा बायकांना पण बोलावतात, पण आमचं काम काय तर पाण्याच्या बाटल्या धरून उभं राहायचं, केळी सोलून द्यायची आणि फोटो काढायचे. मला पळायचं आहे. पण मी सगळ्यात हळू असेन आणि सगळे बघत उभे राहतील याची लाज वाटते. आणि नक्की कोणते कपडे घालू? — त्रिमूर्तीनगर

अगं, केळी ज्याची त्याला सोलता येतात, मोठी माणसं आहेत ती! वर लिहिलेली उलटं सोडायची पद्धत मिस्टरांना वाचून दाखव, त्यात सगळ्यात हळू माणूस सगळ्यात आधी सुटतो, म्हणजे तू पुढे असशील आणि सगळे तुझ्या मागे. आणि चाललीस तरी चालतं, अर्धं पळ अर्धं चाल, कितीतरी लोक पूर्ण मॅरेथॉनसुद्धा अशीच ठरवून पळत-चालत करतात.

कपड्यांचं सांगते, कारण हे कोणी सांगत नाही. महागाच्या बुटांआधी चांगली घट्ट स्पोर्ट्स ब्रा घे, पुढच्या सगळ्या पळण्याचं सुख त्यावर आहे. वरून ट्रॅक पँट आणि सुती नसलेला सैल टी-शर्ट, सुती घामाने ओला होऊन थंडीत अंगाला चिकटून बसतो. बूट नवीन असतील तर दोन-तीन आठवडे आधीपासून घालून फिर, त्या दिवशी पहिल्यांदा घातलेला बूट फोड आणतोच. सुरुवातीला अंग गार लागेल म्हणून जुना स्वेटर घाल आणि गरम झालं की मिस्टरांकडे दे धरायला. आणि एकटी नको जाऊस, बाटल्या धरणाऱ्या बाकीच्या वहिनींनाही ओढ. चौघी पळायला लागल्या की पाण्याची सोय पुरुष आपोआप शिकतात.

आमच्या मित्रमंडळाची दौड यावर्षी मोठी करायचा विचार आहे. दोनशे लोक, टी-शर्ट, मेडल, स्पॉन्सर, डीजे. परवानगी लागते का? — मानेवाडा

लागते. दहा जण कडेकडेने पळत असाल तर ते फिरायला गेल्यासारखंच, पण दोनशे माणसं, मांडव, स्पीकर, रस्ता अडवणं, यात वाहतूक पोलीस, पोलीस ठाणं आणि महानगरपालिका तिन्ही आले, आणि ते आठवडाभर आधी जाऊन होत नाही, बरेच आधी लागा. पैसे घेतले की जबाबदारीही घेतली, म्हणजे ॲम्ब्युलन्स, डॉक्टर, पाणी, चौकाचौकात माणूस, नंतरचा कचरा.

माझं मत विचारलंत तर करू नका. मोठ्या शर्यती भरपूर आहेत, मुंबई मॅरेथॉन २००४ पासून आहे, पुण्याची तर १९८३ पासून, ज्याला गर्दीत पळायचंय तो तिकडे जातो. तुमच्याकडे जे आहे ते तिकडे मिळत नाही, सगळे एकमेकांना नावाने ओळखतात. दोनशे झाले की तुम्ही मंडळी स्वतः पळणारच नाही, टी-शर्टचे साइज मोजत बसाल.

पोहे आधी खायचे की नंतर? आमच्यात यावरून दोन गट आहेत. — सदर

नंतर, यात कसले दोन गट! चण्याच्या रश्श्याची लाल तर्री पोटात घेऊन पळून बघा एकदा, अर्ध्या रस्त्यात ती स्वतःची आठवण करून देते. आधी फार तर एक केळ किंवा अर्धा कप चहा, तोही रोजची सवय असेल तर. रिकाम्या पोटी चाळीस मिनिटं सहज पळता येतं, मात्र शुगरची औषधं घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशी पळू नये. आणि टपरीवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा, बारा प्लेटा एकदम मागितल्या की रोजच्या गिऱ्हाईकांचा मूड जातो.

सकाळी कुत्री मागे लागतात. — गोपालनगर

पळू नका, चाला. थांबा, पाठ फिरवू नका, ओरडू नका, हळूहळू बाजूला व्हा. आणि चावलंच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजचं इंजेक्शन, पोहे राहू द्या.

ताई, आमच्याकडे दरवर्षी अंतरावरून भांडण होते. एकाच्या घड्याळात ५ किलोमीटर, दुसऱ्याच्या फोनमध्ये ४.८, तिसऱ्याच्यात ५.१. मग ४.८ वाला म्हणते माझा वेळ धरू नका, आन टपरीसमोर येरझाऱ्या घालत बसते. खरं कोणाचं? — धरमपेठ

कोणाचंच नाही. फोन आणि घड्याळ सॅटेलाइटवरून जागा ओळखतात, झाडांखाली आणि उंच बिल्डिंगजवळ ती जागा इकडेतिकडे सरकते, शिवाय कोणी वळणावर आतून पळतो कोणी बाहेरून. मोठ्या शर्यतींचा रस्ता फोनने मोजतच नाहीत, सायकलच्या चाकाला आकडे मोजणारं यंत्र लावतात, वळणावळणाला सगळ्यात जवळची वाट धरून मोजतात आणि वर दर किलोमीटरला एक मीटर जास्तीचा घालतात, म्हणजे रस्ता चुकूनही कमी भरू नये.

तुम्हाला एवढं कशाला पाहिजे. अमुक खांबापासून तमुक गेटपर्यंत आणि परत, असं ठरवा, खडूने रेघ मारा आणि दरवर्षी तेच ठेवा. मग ते ४.८ असो की ५.१, मागच्या वर्षीच्या तुमच्या वेळेशी यंदाची वेळ बरोबर लावता येते, आणि तेवढंच तर बघायचं असते ना. वेळा एका वहीत लिहा, फोनमधल्या पुढच्या फोनमध्ये येत नाहीत. आणि त्या ४.८ वाल्याला म्हणा, दोनशे मीटर कमी पडले असतील तर पोह्याचे पैसे देऊन ये काउंटरवर, तेवढ्यात होऊन जातील.