पुराच्या मदतीचे ट्रक एकाच गावात का गोळा होतात, आणि ते कसं टाळावं?

तुम्ही विचारलंय की पूर आला की रस्त्यालगतच्या गावात मदतीचे ट्रक रांगेने उभे राहतात आणि आतल्या गावाला काहीच मिळत नाही; माहिती नीट ठेवून हे टाळता येईल का? बऱ्याच अंशी येतं. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुरात मी एका मदतकेंद्रावर फोन आणि यादी सांभाळत होतो, त्यावरून सांगतो.

यादीची सुरुवात मागण्यांपासून करू नका, तालुक्यातल्या सगळ्या गावांपासून करा. मोबाइलला चार्जिंग आणि रेंज असते तेच गाव फोन करतं. ज्याची वीज गेली, टॉवर बंद पडला, ते गप्प असतं, आणि मागण्यांच्या यादीत ते दिसतच नाही. पूर्ण यादी समोर असली की कालपासून कुठून काहीच निरोप नाही हे लगेच कळतं. माणूस आधी तिथे पाठवायचा.

दुसरं म्हणजे, प्रत्येक निरोपापुढे तो मूळ कुणी आणि किती वाजता दिला हे लिहा. सकाळी पाण्याच्या बाटल्या मागितलेल्या असतात, दुपारी त्या पोचतात, तरी तोच मेसेज रात्रीपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. वेळ नसलेला मेसेज फोनवर खात्री केल्याशिवाय ट्रकवाल्याला देऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

गावाबरोबर तालुका हवाच. शिरोळ गाव वेगळं, महामार्गावरचं 'शिरोली पुलाची' नावाचं गाव वेगळं. नृसिंहवाडी कुणी नरसोबाची वाडी म्हणून लिहितं, कुणी नुसतं वाडी. तीन संस्थांच्या याद्या एकत्र केल्या की एकच गाव तीनदा येतं. जनगणनेतला गावाचा क्रमांक टाकलात तर याद्या पटकन जुळतात.

रस्त्यांची यादी वेगळी ठेवा. त्या वर्षी पुणे-बंगळूरु महामार्गच शिरोलीजवळ पाण्याखाली होता. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी, आणि पाणी गेलं ५७ फुटांवर. पाणी किती फुटांवर आलं की कुठला रस्ता बुडतो हे जुन्या माणसांना पाठ असतं, त्यांना यादीशेजारी बसवा.

आणि नोंद बंद करायची ती गावातल्या माणसाने 'मिळालं' असं सांगितल्यावरच, ड्रायव्हरच्या सांगण्यावरून नाही. रोज संध्याकाळी ही यादी तहसील कार्यालयाच्या नियंत्रण कक्षाला द्या. जिल्ह्याच्या कक्षाचा क्रमांक १०७७ आहे.