देवाने क्षमा केली, तरी फळ का भोगावे लागते?

“देवाने मला क्षमा केली आहे ना? मग मी पेरलेले अजून माझ्याच घरात का उगवते आहे?” हा प्रश्न थोड्याफार फरकाने अनेक जण विचारतात. ऐरोलीच्या एका गृहस्थांनी तो विचारला, तेव्हा त्यात दोन दुःखे एकमेकांत गुंतलेली होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) रबाळे एमआयडीसीत नोकरी करताना लागलेली त्यांची दारू डॉक्टरांच्या आणि मंडळीच्या (चर्चच्या) मदतीने सुटून दोन वर्षे झाली होती; तरीही अकरावीतला मुलगा त्यांच्याशी कामापुरतेच बोलत असे, आणि याच काळात पत्नीला आमवात असल्याचे निदान झाले होते. एका नातेवाईक बाईंनी घरी येऊन बायबलमधील पौलाच्या गलतीकरांस पत्र 6:7 मधील ‘माणूस जे काही पेरतो त्याचेच त्याला पीक मिळेल’ हे वचन ऐकवले. तेव्हापासून सकाळी पत्नीची आखडलेली बोटे पाहिली की यांना ती आपलीच शिक्षा वाटे.

ही दोन दुःखे मी आधी वेगळी केली. आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. त्याचा पतीच्या पापाशी संबंध जोडण्याचा अधिकार आपल्याला कोणीही दिलेला नाही. जन्मांध माणसाकडे पाहून शिष्यांनी “पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे?” असे विचारले, तेव्हा येशूने दोन्ही नाकारले (योहान 9). पेरणी-कापणीचा हाच नियम अलीफज दुःखात बुडालेल्या आपल्या मित्राला, ईयोबाला, ऐकवतो (ईयोब 4:8), आणि ग्रंथाच्या शेवटी परमेश्वराचा कोप होतो तो अलीफजवर. आजाऱ्याला भेटायला जाताना आपण वचन घेऊन जातो की आरोप, हे प्रत्येक ख्रिस्ती माणसाने तपासावे, असे मला कळकळीने वाटते.

मुलाचा अबोला मात्र निराळा होता. त्याला कारण होते. तो एकदाच वडिलांबरोबर माझ्याकडे आला आणि बराच वेळ गप्प राहून म्हणाला, “पप्पा दारात चपला कशा काढतात ते मी अजून ऐकतो. जोरात पडल्या की मी आत जातो.” वडिलांना हे ठाऊकच नव्हते. देवाची क्षमा देवासमोरचा दोष पुसते, पण वर्षानुवर्षे सावध राहिलेल्या मुलाच्या कानाची सवय त्याच दिवशी जात नाही, आणि ती गेली नाही म्हणून क्षमा खोटी ठरत नाही. गृहस्थ मूळचे अहिल्यानगर जिल्ह्यातील शेतकरी घरातले. मूग दोन-अडीच महिन्यांत हाती येतो आणि तुरीला सहा महिने लागतात, हे त्यांना मी सांगण्याची गरज नव्हती. पौलही गलतीकरांस पत्राच्या त्याच अध्यायात, 9व्या वचनात, लिहितो की चांगले करण्याचा कंटाळा करू नये, न खचलो तर यथाकाळी पीक पदरी पडेल. ते वचन मागच्या पिकाचा पंचनामा करण्यासाठी नसून आजच्या पेरणीसाठी आहे.

म्हणून मी त्यांना मुलाकडे पुन्हा पुन्हा माफी मागणे थांबवायला सांगितले, कारण प्रत्येक माफीनंतर “ठीक आहे” म्हणण्याचे ओझे मुलावरच पडत होते. त्याऐवजी सांगितलेल्या वेळी घरी पोहोचावे, जमणार नसेल तर आधी फोन करावा, आणि ठाण्याहून कॉलेज करून येणाऱ्या मुलाला स्टेशनवर घ्यायला येतो म्हटले तर हजर असावे, एवढेच ठरले. पत्नीला सकाळी पीठ मळता येत नसे; ते काम त्यांनी आपणहून घेतले.

सहाएक महिन्यांनी मुलाने बारावीच्या क्लासची फी भरायला वडिलांना बरोबर नेले. बोलणे अजून मोजकेच आहे. दारूच्या वर्षांत सगळे घर एकटीने ओढणाऱ्या पत्नीचा राग हा विषय तर आता कुठे सुरू होतो आहे, आणि पुढच्या बैठका आम्ही तिच्यासाठी ठेवल्या आहेत.