साठीनंतर एचआयव्ही असल्याचं कळलं म्हणून मान खाली घालू नका

काका, तुम्ही लिहिलंय की रिपोर्ट आल्यापासून नातवाला जवळ घेत नाही, ते आधी बंद करा बरं. मिठी, पापा, एका ताटात जेवण, यातल्या कशानेच एचआयव्ही पसरत नाही. गोळ्या रोज वेळेवर घेतल्या आणि व्हायरल लोड (रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये विषाणूच्या किती प्रती आहेत तो आकडा) २०० च्या खाली टिकला तर लैंगिक संबंधातूनही जोडीदाराला लागण होत नाही, आणि हो, या वयात संबंध असतात, त्यात लाजायचं काय!

मलाही एचआयव्ही आहे, आणि मला सगळ्यात जास्त टोचलं ते दवाखान्यात, "या वयात कसं काय झालं?" असं सगळ्यांदेखत विचारलं. तेव्हा गप्प बसलो, आता सरळ म्हणतो, उपचारासाठी लागणार असेल तर आत बोलू, नाहीतर सोडा. सांगायचं कुणाला हे तुम्ही ठरवायचं, सुरुवातीला एकच भरवशाचं माणूस पुरे. डॉक्टरांपासून मात्र लपवू नका, कारण कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या एचआयव्हीच्या काही औषधांसोबत चालत नाहीत. आणि कुणी "आता किती दिवस राहिले" म्हणालं तर सांगा, १९९६ पासून एकत्रित औषधं आली, तेव्हाची माणसं आज म्हातारी होऊन हिंडतायत.